सामनेवाल्यांची जीप

आमचं अपील माझ्यामुळं खारीज झालं, असं आमच्या गल्लीतली निम्मी माणसं म्हणतात. उरलेली निम्मी म्हणतात, जमीलच्या जीपमुळं. मला काय वाटतं ते अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. कारण कोर्टाच्या कागदात माझ्याविषयी एक वाक्य कायमचं नोंदलं गेलंय, आणि माझी मुलगी मोठी झाल्यावर तिनं ते एकटंच वाचावं, हे मला पटत नाही.

आधी वाद काय तो सांगते. आमच्या घरामागचं बाथरूम शेजारच्या अजमतबीच्या बोळात तीन फूट घुसलंय, असं अजमतबीचं म्हणणं. तिचा मुलगा जमील गाड्यांचा मिस्त्री. त्या तीन फुटांमुळं त्याची जीप मागच्या अंगणात जात नाही. गेवराईच्या कोर्टानं मोजणी करून घेतली आणि सांगितलं, अजमतबीचं बरोबर आहे, तीन फूट पाडा. आता आमच्या बाथरूमची रुंदी सव्वाचार फूट. त्यातले तीन पाडले तर नळ जातो, गिझर जातो, संडासाचं भांडं जातं आणि मी लग्नानंतर हट्टानं बसवून घेतलेल्या गुलाबी फरश्या जातात. उरतं ते फक्त दार. म्हणून माझे सासरे उत्तरेश्वरराव, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांनी बीडच्या जिल्हा कोर्टात अपील केलं आणि पाडापाडीला स्थगिती मिळवली. म्हणजे अपील जिवंत तोवर बाथरूम उभं. माझी राजनंदिनी दीड वर्षाची आहे. दीड वर्षाचं मूल घरात असलेल्या बाईला बाथरूम म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही.

तर अकरा वर्षं अपील चाललं. तारीख पडायची, मामा जायचे, तारीख घेऊन यायचे. मग एक दिवस वकीलसाहेबांचा फोन आला. ते तारखेला हायकोर्टाच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला असणार होते.

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "मुदतीचा अर्ज लिहून ठेवलाय. नावाचा पुकारा झाला की उभं राहायचं, अर्ज द्यायचा, मुदत मागायची. फक्त हजर राहा. मागच्या वेळी शेवटची संधी म्हणून लिहिलंय न्यायाधीश मॅडमनी. गैरहजर राहिलात तर अपील जाईल."

मामांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि उजव्या कानानं ते हवं तेवढंच ऐकतात. पुकारा चुकला तर? माझे मिस्टर अंगद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याच दिवशी त्यांच्या शाळेत तपासणी. तेव्हा पुकारा ऐकण्याचं काम माझ्याकडं आलं. एका ठिकाणी वेळेवर पोचायचं, आपलं नाव ऐकायचं, उभं राहायचं. मी चौथीत असल्यापासून हे करत आले आहे.

सकाळी नऊला दारात हॉर्न वाजला. मी बाहेर डोकावले, तर जमीलची जीप.

"मामा, हे कशाला आलेत?"

"कशाला म्हंजी? तारीख हाय की आज," मामा पायात चप्पल सरकवत म्हणाले.

"त्यांची तारीख आहे. त्यांच्या विरुद्ध आपली आहे."

"मंग? दोघांची एकच हाय न्हवं?"

मला तोवर हे ठाऊकच नव्हतं; तारखेला मामा निघायचे तेव्हा मी कायम बाथरूममध्ये असायचे. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या तारखेला मामा स्टँडवर एसटीची वाट बघत उभे होते. जमील आईला घेऊन त्याच कोर्टात निघालेला. म्हातारा माणूस उन्हात उभा दिसल्यावर अजमतबीनं गाडी थांबवायला लावली. तेव्हापासून दोन्ही पक्ष एकाच जीपमधून जातात. मामा पुढच्या सीटवर, अजमतबी मागं. माझ्या सासूबाई सगळ्यांपुरते धपाटे बांधून देतात, अजमतबी लिंबाचं लोणचं आणते. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून खातात आणि पुकारा झाला की उठून एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात.

"आपण एसटीनं जाऊ या," मी म्हणाले.

मामांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. "लोक काय म्हंतील? भांडण झालं म्हंतील!"

मी बॅग घेऊन जीपमध्ये बसले. बॅगेत थर्मास, दोन बाटल्या, चार झबली, तीन टॉवेल, ताप मोजायची कांडी, ग्राइप वॉटर, पातळ खिचडीचा डबा आणि आपत्कालीन स्थितीसाठी एक मोठं प्लास्टिक. ही यादी मी मुद्दाम देते आहे. पुढं कोर्टात तिची थट्टा झाली, म्हणून.

आता जीप किती वेळा थांबली याबद्दल दोन मतं आहेत. जमीलच्या मते सहा वेळा. माझ्या मते चार वेळा. दोनदा ती फक्त हळू झाली होती. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी, कारण राजनंदिनीची कानटोपी राहिली होती. दुसऱ्यांदा बायपासला, कारण तिच्या कानात वारं जात होतं आणि जमीलच्या जीपला काच नावाचा प्रकार एकाच बाजूला आहे. तिसऱ्यांदा तिला शिंक आली म्हणून.

"भाभी, शिंकंला पण गाडी थांबवायची का?" जमीलनं आरशातून विचारलं.

"दोन शिंका आल्या."

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला. आवाजात आदर होता की नव्हता, ते मला कळलं नाही.

"पोरीला गुंडाळून गुंडाळून पार कोबी करून टाकलीस," अजमतबी म्हणाली. "कावून एवढं भेतीस? मी सहा लेकरं वाढवली. एकाला बी टोपी न्हवती."

 जमीलच्या सर्दीकडं मी सुरुवातीपासून लक्ष ठेवून होते, एवढंच सांगते.

चौथी वेळ पाडळशिंगीच्या अलीकडं. राजनंदिनीनं सकाळचं सगळं दूध परत केलं. माझ्या साडीवर केलं असतं तर चाललं असतं. तिनं ते मांडीवरच्या फायलीवर केलं, आणि फायलीत सगळ्यात वर मुदतीचा अर्ज होता.

"थांबवा! थांबवा!"

जमीलनं जीप रस्त्याकडेच्या बाभळीखाली घेतली आणि बंद केली. हे 'बंद केली' लक्षात ठेवा, कारण यावर पुढं दोन वकील अर्धा तास बोलले. मी पोरीला पुसलं, झबलं बदललं, मग अर्ज पुसला. अजमतबीनं तो पदरानं टिपून बॉनेटवर वाळत घातला. स्वतःच्या विरुद्धचा अर्ज इतक्या मायेनं वाळवणारा सामनेवाला मी दुसरा पाहिलेला नाही. सगळं मिळून सात मिनिटं गेली. तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि बीड जेमतेम पाऊण तासावर.

जमीलनं चावी फिरवली. जीपनं घसा खाकरला आणि गप्प झाली.

"दोन मिनटं," जमील म्हणाला.

त्यानं बॉनेट उघडलं. आधी त्याचं डोकं आत गेलं, मग खांदे. आतून आवाज येत होते, काही जीपचे, काही जमीलचे. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. "दोन मिनटं" हे तो दर दहा मिनिटांनी नव्यानं सांगायचा आणि दर वेळी त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असायचा.

सव्वाअकराला एक टेम्पो थांबला. त्यातल्या माणसानं मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं बे मिस्त्री? स्वतःच्याच गाडीनं दगा दिला का काय?"

"काय न्हाई झालं. इंजिन जरा आराम करायलंय," जमील बॉनेटमधूनच ओरडला. "तू जा बे!"

"आम्हाला न्या!" मी पदर सावरत पुढं झाले. "बीडला कोर्टात—"

मामांनी माझा हात धरला आणि मला बाजूला घेतलं. "सूनबाई, ह्याच्या गाडीतून उतरून दुसऱ्याच्या गाडीत बसायचं? त्या लेकराच्या तोंडासमोर? गेवराईत मिस्त्री म्हून नाव हाय त्याचं. उद्या कोण गाडी आणंल त्याच्याकडं?"

"मामा, अपील जाईल!"

"अपील कुठं जातंय? अकरा वर्सं हाय तिथंच हाय."

टेम्पो गेला. मग एसटी गेली, ती थांबलीच नाही. वकीलसाहेबांना फोन लावला तर तो बंद, हायकोर्टात तो बंदच ठेवावा लागतो म्हणे. शेवटी धक्का मारायचं ठरलं. जमील स्टीअरिंगवर. मागून मामा, वय एकाहत्तर, अजमतबी, वय अडुसष्ट, आणि एका हातानं मी, कारण दुसऱ्या हातात राजनंदिनी. अपीलकर्ता आणि सामनेवाला एकदिलानं एकाच दिशेला जोर लावतायत, हे दृश्य तेव्हा मॅडमनी पाहिलं असतं तर निकाल तिथल्या तिथं लागला असता. तिसऱ्या धक्क्याला जीप सुरू झाली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

कोर्टात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दालनाबाहेर उभ्या असलेल्या शिपायाला मी विचारलं, "उत्तरेश्वररावांच्या नावाचा पुकारा झाला का?"

"तीनदा झाला," तो म्हणाला. "साडेअकराला. खारीज झालं की अपील. सामनेवाल्याचे वकील तेवढे होते."

सामनेवाल्याचे वकील म्हणजे जमीलचे. पायऱ्यांवरून ते हसत आले आणि जमीलचा हात हातात घेऊन म्हणाले, "जिंकलो!"

जमीलनं आईकडं पाहिलं. अजमतबीनं माझ्याकडं पाहिलं. मी राजनंदिनीकडं पाहिलं. तिनं तिसरी शिंक दिली.

त्या दिवशी लिंबाखाली कुणी बसलं नाही, सगळे थेट जीपमध्ये चढले. धपाटे तसेच डब्यात राहिले.

आमच्या गल्लीत बातमी जीपच्या आधी पोचते. दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. भेटायला म्हणजे बाथरूमला. छबुबाई समोरच राहते. तिनं आयुष्यात कधी आमच्या बाथरूमकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. ती दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "चांगलं होतं हो. फरश्या किती नाजूक." तिनं भिंतीवरून हात फिरवला. जाताना डोळे टिपले. मग आणखी दोघी आल्या, त्यांना घेऊन तिसरी आली. सासूबाई त्यांना चहा करायच्या. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, बाथरूम पडायच्या आधी साखर संपंल.

सगळ्यात महत्त्वाचा सल्ला दिला भागवतकाकांनी. ते तहसीलमध्ये नक्कलकारकून होते, आता निवृत्त आहेत, आणि कायद्याच्या ज्या नकला त्यांनी चाळीस वर्षं उतरवल्या त्या सगळ्या डोक्यात राहून गेल्यात अशी त्यांची समजूत आहे.

"स्थगिती गेली म्हंजे कोर्टाचा बेलिफ पाडायला कधी बी यिऊ शकतो," ते खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "पर एक कलम हाय. आत माणूस असंल तर बांधकाम पाडता येत न्हाई."

"कोणतं कलम?" मी विचारलं.

"ते विचारू नगा. वापरा."

मी हसले. अंगदही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, मामा पेपर घेऊन बाथरूममध्ये गेले ते साडेदहापर्यंत बाहेर आलेच नाहीत. कोर्टाची वेळ साडेदहाची, त्यामुळं त्यानंतर पाळी माझी. बेलिफ काही येणार नाही हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि बाथरूम रिकामं सोडणं, यात फरक आहे. मी राजनंदिनीला अकराला अंघोळ घातली. परत एकला घातली. चारला पाय धुतले, ते जरा लांबवले. सासूबाईंनी धुण्याच्या नावाखाली स्वच्छ चादरीही धुतल्या. पाचव्या दिवशी पोरीला सर्दी झाली. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा अंघोळ घालता? मी सांगितलं. कारण काय? मी म्हटलं, दिवाणी.

जमील समोर आला की मान खाली घालून जायचा. त्यानं बेलिफ आणला नाही. त्याचे वकील रोज फोन करत होते, कधी पाडायचं म्हणून. हे मला त्याची बायको अलमास हिनं नळावर सांगितलं. "ते म्हंतात, आता गाडीचं काम लई हाय. नंतर बघू."

आमच्या वकीलसाहेबांनी मात्र घाई केली. "तीस दिवसांत अपील पुन्हा नंबरावर घेण्याचा, म्हणजे जिवंत करण्याचा अर्ज करायचा," ते म्हणाले. "गैरहजेरीला सबळ कारण पाहिजे. वैद्यकीय उत्तम. लिहू, अपीलकर्ता तापानं आजारी."

"मी?" मामा खुर्चीतून उठले. "मला ताप? एकाहत्तर वर्सांत मी गोळी खाल्ली न्हाई. कोर्टात खोटं लिवून ताप आणू का अंगावर?"

"बरं, मग बाळ आजारी होतं असं लिहू."

"नाही," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. आपल्या हातानं, सही करून, शपथेवर, पोर आजारी आहे असं लिहायचं? मी अंधश्रद्धाळू नाही. पण असं कागदावर लिहिलेलं मला चालत नाही. "खरं ते लिहा. गाडी बंद पडली."

"छान. कोणाची गाडी?"

मामा छताकडं पाहू लागले.

"सामनेवाल्यांची," मी म्हणाले.

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं.  मग त्यांनी मामांना विचारलं, "उत्तरेश्वरराव, अकरा वर्षं मी तुम्हाला सांगतोय की सामनेवाल्यांशी एक शब्द बोलू नका. तुम्ही अकरा वर्षं त्यांच्या जीपमधून माझ्याकडं येता?"

"जीपमधी आमी केसचं बोलत न्हाई," मामा दुखावल्या आवाजात म्हणाले. "एवढं आमाला बी कळतं."

अर्ज गेला. जमीलच्या वकिलांनी त्यावर उत्तर दाखल केलं. मी ते उत्तर चार वेळा वाचलं आहे. त्यात म्हटलं होतं की सामनेवाला क्रमांक दोन हा निष्णात मेकॅनिक असून त्याचं वाहन पूर्णपणे सुस्थितीत होतं, आहे आणि राहील. सदर वाहन 'अपीलकर्त्याच्या सुनेच्या अवाजवी काळजीखोर स्वभावामुळे, बालकाच्या शिंकेसारख्या क्षुल्लक निमित्तांनी सहा वेळा थांबवावे लागले'. सबब विलंबास अपीलकर्त्याचं कुटुंबच जबाबदार.

अवाजवी काळजीखोर! शपथेवर! गोल शिक्क्याखाली! मी तडक त्यांच्या दारात गेले. जमील जीपखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. मी पायांशी बोलले.

"जमीलभाई, गाडी बंद पडली होती की नव्हती?"

पायांचे अंगठे आखडले.

"तीन तास आपण बाभळीखाली होतो की नव्हतो?"

"भाभी," जीपखालून आवाज आला, "तुमी थांबवली नसती तर चालूच होती. चालू गाडी बीडला गेलीच असती."

"मग पुन्हा सुरू का झाली नाही?"

बराच वेळ पान्याचा आवाज आला. मग तो बाहेर सरकला. तोंडाला काळं, डोळे तेवढे पांढरे. "भाभी, कोर्टाच्या कागदावर जमील मिस्त्रीची गाडी बंद पडली असं आलं तर भागवतकाका त्याच्या नकला वाटत फिरंल. मला बी घर हाय."

"आणि मला बाथरूम आहे," मी म्हणाले.

तो परत जीपखाली सरकला.  मी परत आले आणि राजनंदिनीला अंघोळ घातली.

सुनावणीच्या दिवशी मला वाटलं होतं की निदान आज तरी आपण एसटीनं जाऊ. नऊला दारात हॉर्न वाजला. मामा पुढच्या सीटवर बसले, मी मागं अजमतबीशेजारी.  या वेळी मी एकदाही थांबा म्हणाले नाही. राजनंदिनीला पाच शिंका आल्या. मी त्या सगळ्या मोजल्या आणि गिळल्या. जमीलही कुठं थांबला नाही, गतिरोधकालासुद्धा नाही. दहा वाजता आम्ही कोर्टाच्या फाटकाशी होतो. तो म्हणाला, तुमी व्हा पुढं, मी गाडी लावून येतो.

साडेबाराला पुकारा झाला. मी इतक्या जोरात "हजर!" म्हणाले की मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

आमचे वकीलसाहेब म्हणाले, वाहन बंद पडलं. जमीलचे वकील म्हणाले, वाहन बंद केलं. आमचे म्हणाले, बंद केलं तरी सुरू झालं नाही. जमीलचे म्हणाले, माझा पक्षकार वीस वर्षांचा अनुभवी मेकॅनिक आहे, त्याच्या हातात गाडी सुरू न होणं अशक्य. मग त्यांनी माझ्या बॅगेची यादी वाचून दाखवली. प्लास्टिकच्या उल्लेखाला मागं कुणीतरी हसलं.

मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. मला एवढंच सांगा, अपीलकर्ते सामनेवाल्याच्या गाडीत काय करत होते?"

दोन्ही वकील एकमेकांकडं पाहू लागले. अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं: हे उत्तर आपण द्यायचं नाही.

तेवढ्यात दार उघडून एक पोलीस आत आला आणि शिपायाच्या कानात कुजबुजला. शिपायानं मॅडमपाशी जाऊन सांगितलं. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बाहेर फाटकापाशी एक जीप सकाळी दहापासून सुरू आहे म्हणतात. आत ड्रायव्हर नाही. धुरामुळं लोक तक्रार करतायत. कोणाची आहे?"

दालन शांत झालं. आणि त्या शांततेत, खिडकीतून, लांबून, आम्हा चौघांच्या ओळखीचा तो खोकला ऐकू आला.

जमीलनं हळूच हात वर केला.

"तुमची?" मॅडम म्हणाल्या. "तीन तास? बंद का नाही केलीत?"

जमीलच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. जमीलची मान छातीला टेकली. त्याच्या कानाची पाळी लाल झालेली मला दिसली आणि, खरं सांगते, मला वाईट वाटलं. बाथरूम एवढ्या जवळ आलं असूनही वाटलं.

मग मागच्या बाकावरून अजमतबी उठली.

"साहेब, बंद केली तर परत ढकलायची कुणी? मागल्या टायमाला मी ढकलली. ह्या उत्तरेश्वरभाऊंनी ढकलली. ह्या पोरीनं एका हातानं ढकलली. आता माझी कंबर न्हाई राहिली."

"म्हणजे त्या दिवशी गाडी बंद पडली होती?"

"पडली म्हंजी? मेली होती! तीन तास." तिनं जमीलच्या वकिलांकडं बोट केलं. "ह्यांनी काय लिवलंय मला म्हाईत न्हाई. मला कुणी वाचून दावलं न्हाई. पर जे झालं ते असं झालं."

"अम्मी!" जमील कळवळून म्हणाला.

"गप बस. मिस्त्री हायस, पीर न्हाईस."

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. मग लिहायला घेतलं. गैरहजेरीचं कारण सबळ आणि सामनेवाल्यांनीच कबूल केलेलं. अपील पूर्ववत नंबरावर घेण्यात येते, स्थगिती पूर्ववत. मी राजनंदिनीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

मॅडमनी पेन ठेवलं आणि जरा पुढं झुकल्या. "शिपाई सांगतात, तुम्ही दोघं इतकी वर्षं एका गाडीतून येता, एकत्र जेवता. मग हे तीन फूट आपसात का नाही मिटवत?"

मामा ताठ उभे राहिले. अजमतबीही ताठ उभी राहिली.

"असं कसं साहेब?" मामा म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न हाय."

"हाव ना," अजमतबी म्हणाली. "भांडण हाय आमचं."

पुढची तारीख पडली.

बाहेर आलो तर जमील आधीच पळत फाटकाकडं गेला होता. मामा लिंबाखाली डबा सोडायला बसले. मी अजमतबीच्या मागून पायऱ्या उतरत होते.  शेवटी म्हणाले, "खाला, तुमच्यामुळं वाचलं. तुम्ही गप्प राहिला असता तर तुम्हीच जिंकला असता."

"जीप बंद पडली म्हून जिंकले, असं सांगत फिरू का गल्लीत?" ती म्हणाली. "मला त्या मॅडमच्या तोंडून ऐकायचंय, अजमतबी, तू खरी. तवा जिंकले म्हणन." तिनं राजनंदिनीला माझ्याकडून घेतलं आणि तिची कानटोपी काढून माझ्या हातात दिली. "आन् तोवर हिला रोज एकदाच न्हाऊ घाल. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. लेकरू पार धुऊन धुऊन फिकं पडायलंय."

 मी तिचे हात धरणार होते.

"पर एक सांगते," ती म्हणाली. "ते तीन फूट माझे हायेत."

मी आधी टोपीकडं पाहिलं, मग उघड्या डोक्याच्या माझ्या मुलीकडं पाहिलं. मग पदर नीट केला.

"खाला," मी म्हणाले, "ते कोर्ट ठरवील."

अजमतबी पायरीवरच थांबली. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, झालं, आता एसटीच. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि ती लिंबाखाली बसलेल्या मामांना ओरडून म्हणाली, "उत्तरेश्वरभाऊ! ऐकलंत का? तयार झाली हो तुमची सून!"

मामांनी ते उजव्या कानानं ऐकलं. त्यांनी फाईल उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. माझी एम.एस्सी.ची मार्कशीट त्यांनी इतक्या अभिमानानं कधी कुणाला दाखवली नव्हती.